महाविहाराच्या दुरुस्त्या

बोधगयेच्या महाबोधी महाविहाराला मी कितीतरी वर्षं प्राचीन वास्तू मानतच नव्हते. लेणी पाहायला आलेल्या मंडळींपैकी कुणी विचारलं, "ताई, बोधगयेला जावं का?" तर माझं उत्तर ठरलेलं असे. जागेसाठी जरूर जा, इमारतीसाठी जाऊ नका. समोर उभी आहे ती 1880 नंतरची इंग्रजांची दुरुस्ती आहे. आज मी असं सांगत नाही. मत का फिरलं, कुठवर फिरलं आणि कुठे अजून अडलेलं आहे, ते मांडायचं आहे. माझं जुनं मत आजही पुष्कळ जाणत्या लोकांचं आहे आणि त्यात तथ्य नाही असं मुळीच नाही.

माझी नजर कार्ले, भाजे, बेडसे, कान्हेरी इथे घडली. कातळात कोरलेल्या वास्तूची डोळ्यांना एक सवय लागते. तिथे काढलेला दगड परत बसवता येत नाही, त्यामुळे जे दिसतं ते त्या कारागिराच्या हातचं, अशी खात्री बाळगता येते. कार्ल्याच्या चैत्यगृहात मान वर केली की छताच्या लाकडी कमानी दिसतात; ते लाकूड जवळपास दोन हजार वर्षांचं आहे. खांबांवर धेनुकाकटाहून आलेल्या दात्यांची नावं आहेत, त्यांत यवनही आहेत. अक्षर त्या काळचं, घाव त्या काळचा. शिवाय दुरुस्तीनं काय होऊ शकतं हेही आम्हा लेणीवाल्यांना चांगलं माहीत असतं. अजिंठ्याची चित्रं जपावीत म्हणून निजाम सरकारनं 1920 च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ बोलावले. रंग धरून राहावा म्हणून त्यांनी लाखेचा लेप दिला. तो लेप पुढे पिवळा आणि मग काळपट पडत गेला, आणि तो उतरवण्यात नंतरच्या लोकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. त्या तज्ज्ञांची निष्ठा खरी होती, तरी व्हायचं ते नुकसान झालंच. या अनुभवातून माझी एक पक्की धारणा झाली होती, की जुन्या वास्तूला हात लावणं म्हणजे तिच्यातलं काहीतरी कायमचं घालवणं.

या नजरेनं बोधगयेकडे पाहिलं तर सगळे पुरावे माझ्या बाजूचे होते. 1860 च्या दशकात थॉमस पेपे यांनी काढलेली छायाचित्रं उपलब्ध आहेत. त्यांत पूर्वेकडची दर्शनी बाजू कोसळलेली आहे, दाराच्या वर मोठं भगदाड आहे, विटांतून झुडपं वाढली आहेत आणि पायथ्याशी मातीचे ढीग आहेत. चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांवर आज जी चार लहान शिखरं दिसतात, ती त्या छायाचित्रांत नाहीतच. 1880 ते 1884 या काळात सरकारी खर्चानं जोसेफ बेग्लर यांनी दुरुस्ती केली, अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या देखरेखीखाली. ढिगाऱ्यात या महाविहाराचं एक छोटं दगडी प्रतिरूप सापडलं होतं. त्यावरून ही चार शिखरं नव्यानं बांधली. ते प्रतिरूप मध्ययुगातलं. म्हणजे फार तर मध्ययुगात वास्तू कशी दिसत होती एवढंच ते सांगणार. गाभाऱ्यातली भूमिस्पर्श मुद्रेतली काळ्या पाषाणाची मूर्ती पालकाळातली, आणि तीसुद्धा याच दुरुस्तीच्या वेळी तिथल्या शैव महंतांच्या मठाच्या आवारातून आणून बसवलेली. जुन्या दगडी वेदिकेचे, म्हणजे कठड्याचे, पुष्कळ खांब संग्रहालयात आणि त्यांच्या जागी प्रतिकृती. वृक्षाचं काय? 1876 मध्ये वादळात जुना पिंपळ पडला. आजचा त्याच्या रोपापासून वाढवलेला. आणि 2013 मध्ये थायलंडचे राजे आणि तिथले उपासक यांनी दिलेलं सुमारे 290 किलो सोनं शिखराच्या वरच्या भागावर चढलं. इतकं सगळं हाताशी असताना याला पाचव्या-सहाव्या शतकातली वास्तू कसं म्हणायचं?

मत एका फटक्यात बदललं नाही. पहिली खोट माझ्याच कसोटीत निघाली. 1880 चं ते मूळ नव्हे, असं मी म्हणत होते. मग मूळ कोणत्या काळातलं? याचं उत्तर शोधायला मी मागे मागे जाऊ लागले, आणि जितकं मागे जावं तितकी पायाखालची जमीन सरकत गेली.

सातव्या शतकात, 637 च्या सुमारास, चिनी यात्रेकरू ह्युएन त्सांग इथे आला. त्यानं पाहिलेला महाविहार 160-170 फूट उंच, निळसर विटांचा, चुन्याच्या गिलाव्याचा. बाहेरच्या भिंतींवर एकावर एक कोनाडे, प्रत्येकात सोनेरी मूर्ती, आणि माथ्यावर सोन्याचा मुलामा दिलेला आमलक. आजच्या इमारतीशी हे वर्णन बरंच जुळतं. महाविहाराची आजची उंची साधारण 55 मीटर आहे. चौकोनी पायावर सरळ कडांनी, ओडिशातल्या शिखरांसारखा कुठेही बाक न घेता, वर निमुळता होत जाणारा तो विटांचा डोलारा आहे. भारतात इतक्या जुन्या काळातल्या विटांच्या वास्तू उभ्या स्वरूपात फार थोड्या उरल्या आहेत. पण ह्युएन त्सांग पुढे हेही सांगतो, की आधी इथे अशोकानं बांधलेला लहान विहार होता आणि त्याच्या जागी नंतर एका ब्राह्मणानं हा मोठा बांधला. म्हणजे सातव्या शतकातल्या यात्रेकरूलाही ही दुसरी इमारत आहे हे ठाऊक होतं, आणि त्याच्या भक्तीत त्यामुळे काही उणं आलेलं नव्हतं.

आणखी मागे जायचं तर कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये जावं लागतं. तिथे भारहुतच्या स्तूपाची वेदिका आहे, इसवी सनापूर्वीची. तिच्यावरच्या एका शिल्पात शाक्यमुनींचा बोधिवृक्ष दाखवला आहे आणि तसा लेखही कोरला आहे. वृक्षाभोवती खांबांवर उभा, मधे उघडा असा मंडप, मंडपात आसन, बाजूला हत्तीचं शीर्ष असलेला स्तंभ, वर मंडपाच्या गवाक्षांतून बाहेर पडलेल्या पिंपळाच्या फांद्या. शिखर नाही, गाभारा नाही, मूर्ती नाही. त्या शिल्पासमोर मी बराच वेळ उभी होते. मी ज्याला 'खरं' महाबोधी मंदिर म्हणत होते, ते विटांचं उंच मंदिर, इथे अजून जन्मालाच आलेलं नव्हतं. आणि तरी हे बोधगयाच होतं, त्याबद्दल कोरणाऱ्याला तिळमात्र शंका नव्हती.

कनिंगहॅम यांनी दुरुस्तीच्या वेळी गाभाऱ्यातलं आसन उकललं. वरच्या थराच्या मागे गिलाव्याचं जुनं आसन निघालं, त्याच्याही आत चकाकी दिलेल्या वालुकाश्माचं. याच कामात निघालेल्या एका ठेव्यात कुशाण राजा हुविष्क याच्या नाण्याचा सोन्यातला छाप मिळाला. प्रत्येक पिढीनं आधीचं आसन मोडून टाकलं नव्हतं. ते पोटात घेऊन वर आपलं बांधलं होतं. बाहेर, वृक्षाच्या बुंध्याशी असलेली वज्रासनाची, म्हणजे बुद्ध बसले त्या जागेची, शिळा, तिच्या कडेला कोरलेले हंस आणि ताडपत्रासारखी नक्षी, ही अशोकाच्या काळातली मानतात. अशोक इथे आला होता याचा पुरावा तर त्याच्याच शब्दांत आहे. राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर आपण संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेलो, असं त्यानं आठव्या प्रस्तरलेखात सांगितलं आहे. याच आठव्या लेखाचा एक तुकडा 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आपल्या सोपाऱ्यात सापडला आणि तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. वसईच्या खाडीशेजारच्या बंदरातल्या माणसांना मगधातल्या एका झाडाच्या यात्रेची हकिगत राजानं दगडावर लिहून कळवली होती, तेव्हा त्या झाडापाशी आजच्या इमारतीची एक वीटही नव्हती.

झाडाचीही तीच गोष्ट. 1876 मध्ये पिंपळ पडला ही माझ्या लेखी मोठी तूट होती. पण त्याआधी शशांक राजानं वृक्ष तोडला, मुळं खणली, जाळली आणि मगधाच्या पूर्णवर्म्यानं हजार गायींच्या दुधानं तो पुन्हा जगवला, अशी हकिगत ह्युएन त्सांगनं नोंदवली आहे. खोदकामात कनिंगहॅम यांना जुन्या पिंपळाच्या लाकडाचे मोठे तुकडे मिळाले. इथला पिंपळ काही दोन-अडीच हजार वर्षं एका खोडावर जगलेला नाही. तो पडतो, आणि त्याच जागी त्याचं रोप लावतात. अशोकाच्या मुलीनं, संघमित्रेनं, फांदी श्रीलंकेला नेली. अनुराधपूरला ती रुजली आणि आजही तिथे आहे. 1931 मध्ये सारनाथला मूलगंधकुटी विहारात अनुराधपूरचं रोप लागलं. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्षही भदंत आनंद कौसल्यायन यांनी अनुराधपूरहून आणलेल्या फांद्यांचा. दीक्षाभूमीवर त्या पिंपळाला हात जोडणाऱ्या बाईला मी कधी म्हटलं नसतं, की हा मूळचा नाही. मग बोधगयेच्या विटांच्या बाबतीत मी ते कोणत्या तोंडानं म्हणत होते?

तरीही मी इथपर्यंत आले असते आणि थांबले असते. 'सगळंच बदलतं' एवढं म्हणून कुणाचं मत खऱ्या अर्थानं बदलत नाही. माझं बदललं ते ब्रह्मदेशच्या लोकांमुळे.

इतिहासाच्या पुस्तकांत ही गोष्ट अशी येते. ब्रह्मदेशचा राजा मिंडॉन यानं 1870 च्या दशकात परवानगी घेऊन आपली माणसं दुरुस्तीसाठी पाठवली. त्यांनी खणणं, पाडणं, बांधणं सुरू केलं. तक्रारी गेल्या, तेव्हा बंगाल सरकारनं 1877 मध्ये राजेंद्रलाल मित्र यांना पाहणीला पाठवलं. मित्र मोठे विद्वान. त्यांचा ग्रंथ पुढच्याच वर्षी आला. ब्रह्मदेशी कारागिरांनी जुन्या बांधकामांचे पाये उखडले, जुन्या विटा-दगड नव्या भिंतींत घातले, इतिहासाचा पुरावा नष्ट होतो आहे, असं त्यांनी कळवलं. मग सरकारनं काम आपल्याकडे घेतलं. ही हकिगत वाचताना मी नेहमी मित्रांच्या बाजूनं असे. भाबडे भक्त आणि अभ्यासू पुरातत्त्वज्ञ. मी कोणाच्या बाजूनं असणार?

योगायोगानं 1877 हेच साल, जेव्हा इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस यांनी जुन्या इमारती वाचवण्यासाठी संस्था काढली, दुरुस्तीच्या नावाखाली चर्चचं जुनेपण पुसणाऱ्यांविरुद्ध. माझी सगळी शिकवण त्या परंपरेतली. वास्तू म्हणजे दस्तऐवज. त्यात नंतर कुणी शब्द घालू नये.

मग मी ब्रह्मदेशच्या जुन्या लेखांकडे वळले. मिंडॉनची माणसं ही काही अचानक उगवलेली नव्हती. पगानचा राजा क्यानसिथ्था, अकराव्या शतकाच्या अखेरचा, याच्या लेखात असं आहे की पवित्र वज्रासनाचं मंदिर मोडकळीला आलं होतं म्हणून त्यानं नाना तऱ्हेची रत्नं जमवली, जहाजात घातली आणि दुरुस्तीसाठी पाठवली. आणि खुद्द बोधगयेला ब्रह्मदेशी भाषेतला एक शिलालेख आहे, तेराव्या शतकाच्या शेवटचा. तो सुरू होतो अशोकापासून. अशोकाच्या चौऱ्याऐंशी हजार स्तूपांपैकी हा एक, काळाच्या ओघात तो जीर्ण झाला, मग अमक्यानं दुरुस्त केला, पुन्हा जीर्ण झाला, मग तमक्यानं. शेवटी 1295 मध्ये काम सुरू झालं, 1298 मध्ये पुरं झालं, आणि पताका, दिवे, नैवेद्य, पूजेसाठी दिलेली जमीन, सगळं नोंदवलं आहे. हा लेख मी आधीही वाचला होता, तारखांसाठी. या खेपेला तो एक हिशेब म्हणून वाचला. लिहिणाऱ्यानं 'मी बांधलं' असं म्हटलेलं नाही. आपण एका लांब रांगेत कितव्या जागी आहोत, एवढंच त्यानं सांगितलं आहे आणि पुढच्याला जागा ठेवली आहे.

त्या वाचनानंतर 1877 चा तंटा मला वेगळा दिसू लागला. मित्रांना आणि सरकारला तिथे इतिहासाचा पुरावा दिसत होता. मिंडॉनच्या माणसांना तिथे पूजा थांबलेला विहार दिसत होता, आणि आपल्या आधी सात-आठशे वर्षं आपल्याच देशातून येणारे लोक जे करत होते तेच ते करत होते. 1811 च्या सुमारास फ्रान्सिस बुकानन इथे पोचला तेव्हाही त्याच्या आधी ब्रह्मदेशचे दूत येऊन गेल्याचं त्याला कळलं होतं. महाविहार उजाड झाला होता असं आपण म्हणतो, पण त्याची काळजी घेणारे मेले नव्हते; ते समुद्रापलीकडे होते आणि शतकाशतकानं परत येत होते. बेग्लर यांनी सुरू केलेलं काम ब्रह्मदेशच्या लोकांनी आधीच सुरू केलेलं होतं, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा स्वतःशी नीट उच्चारलं. 1885 मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशचं राज्यच बुडवलं. मिंडॉनचा मुलगा तो थिबा राजा, रत्नागिरीला आणून ठेवलेला आणि 1916 मध्ये तिथेच वारलेला. थिबा पॅलेस बघायला मी लहानपणापासून जात आले आहे. या राजाच्या बापानं बोधगयेच्या विटांना हात घातला होता, हे तिथे उभी असताना मला कधी आठवलं नव्हतं.

ज्यांनी वास्तू दुरुस्त केली त्यांच्यातलेच काही तिची रूपं आपल्या देशात घेऊन गेले, ही आणखी एक गोष्ट मला उशिरा नीट दिसली. पगानमध्ये तेराव्या शतकातलं महाबोधी आहे. थायलंडात च्यांगमाईला राजा तिलोकराज यानं 1455 मध्ये वात चेत योत बांधायला घेतलं. बीजिंगला 1473 मध्ये पाच शिखरांचं मंदिर पुरं झालं. नेपाळात पाटणचं महाबौद्ध 1934 च्या भूकंपात कोसळलं आणि पुन्हा उभं राहिलं. उरलेल्या विटांतून शेजारी आणखी एक लहान मंदिर बांधलं, असं तिथे सांगतात. यात्रेकरू हातात मावतील अशी दगडी प्रतिरूपंही घरी नेत. आता बेग्लर यांना ढिगाऱ्यात सापडलेलं ते छोटं प्रतिरूप आठवा. त्यावरून चार शिखरं बांधली म्हणून मी त्यांना नावं ठेवत होते. पण यात्रेकरूंसाठी ज्या वास्तूची हुबेहूब लहान रूपं शतकानुशतकं घडवली गेली, तिचा आराखडा अशा एका लहान रूपात शोधणं हे त्या परंपरेला अगदी धरून होतं. विटा पडल्या तरी रूप आशियाभर जपलेलं होतं, आणि गरज पडली तेव्हा त्यातलं थोडं परत आलं.

वास्तुकलेच्या बाजूनंही मी या इमारतीला कमी लेखलं होतं, कारण मी तिच्याकडे समोरून पाहत होते. महाविहार पूर्वाभिमुख आहे. यात्रेकरू पूर्वेच्या पायऱ्यांनी खाली उतरतो. आसपासची जमीन शतकांच्या मातीनं वर आलेली, महाविहाराचा पाया जुन्या पातळीवर, त्यामुळे उतरावंच लागतं. दारातून आत गेलं की मूर्ती. पण ज्यासाठी हे सगळं आहे ते वज्रासन आणि तो वृक्ष इमारतीच्या पाठीमागे, पश्चिमेच्या भिंतीला लागून आहेत. आपल्या नेहमीच्या देवळात पाठीमागे काही नसतं. फार तर प्रदक्षिणेत पाठभिंतीला हात लावून नमस्कार करतात. इथे आतली मूर्ती, भिंतीपलीकडचं वज्रासन आणि वृक्ष एका सरळ रेषेत येतात, आणि सिद्धार्थ बसला तेव्हा त्याचं तोंड पूर्वेला होतं तसंच मूर्तीचंही. म्हणून ही वास्तू समोर उभं राहून कळत नाही. ती फिरून कळते. उत्तरेच्या भिंतीला समांतर चंक्रमणाचा, म्हणजे चालत ध्यान करण्याचा, ओटा आहे, त्यावर पावलांच्या जागी कमळं कोरलेली आहेत. भिक्षू तिथे दिवसभर बसलेले असतात. मग पश्चिमेला वळलं की पिंपळाची सावली आणि दाटी. विदर्भातून आलेल्या पांढऱ्या साड्यांतल्या उपासिकांच्या एका जथ्याबरोबर मी त्या वळणावरून गेले. त्यांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं, जमिनीवर टेकल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. त्यांच्यातल्या एका मावशींनी मला विचारलं, "हे बांधलं कोणी?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला सुरुवात कुठून करावी ते सुचेना. त्या दिवशी त्यांना मी एक साल सांगितलं नाही. सुचतील तेवढी नावं सांगितली.

तेराव्या शतकातला तिबेटी भिक्षू धर्मस्वामी याचीही हकिगत सांगायला हवी. 1234 च्या आसपास तो इथे आला तेव्हा आक्रमणाच्या भीतीनं बहुतेक सगळे निघून गेले होते. फक्त चार भिक्षू उरले होते. त्यांनी मुख्य मूर्तीसमोरचं दार विटांनी चिणून, गिलावा करून, बाहेर महेश्वराचं चित्र काढलं होतं आणि अलीकडे दुसरी मूर्ती बसवली होती. मुख्य मूर्ती वाचावी म्हणून भिक्षूंनी स्वतःच वास्तूचं रूप बदलून टाकलं होतं. माझ्या जुन्या कसोटीनं मी त्या चौघांनाही दोष दिला असता.

एवढं झाल्यावर माझ्या एका मित्रानं, तो दगडी वास्तूंच्या जतनाचं काम करतो, मला खरा अवघड प्रश्न घातला. तो म्हणाला, "तुझं नवं मत धरलं तर कशालाच विरोध करता येणार नाही. भक्तीनं केलेलं सगळं चालतं असं म्हण, मग सोनंही चालतं, संगमरवरही चालतो आणि उद्या लिफ्टही चालेल." हा प्रश्न मी टाळू शकत नाही. नव्या मतात सर्वांत कच्ची जागा हीच आहे.

सोन्यापासून सुरुवात करते. शिखराच्या माथ्यावर सोनं असणं हे नवं नाही. ह्युएन त्सांगनं तिथे सोनेरी आमलक पाहिलाच होता, आणि थायलंडच्या उपासकांनी ते दिलं तेव्हा ते क्यानसिथ्थाच्या रत्नांच्या जहाजाचेच वारस होते. सोनं आहे म्हणून माझा विरोध होता, तो मी सोडला. पण खालच्या थराचा पुरता अभ्यास आणि आराखडा न करता वर काहीही चढवलं जात असेल तर आजही मी विरोध करीन. आणि मिंडॉनच्या कारागिरांबद्दलचं राजेंद्रलाल मित्रांचं म्हणणंही मी पुरतं सोडलेलं नाही. त्यांनी जे पाये उखडले ते कोणत्या विहाराचे, कोणत्या स्तूपाचे, हे आता कधीही कळणार नाही. श्रीलंकेच्या मेघवर्ण राजानं समुद्रगुप्ताच्या परवानगीनं इथे सिंहली भिक्षूंसाठी संघाराम बांधला होता. अशा कितीएक बांधकामांच्या खुणा त्या आवारात एकमेकींवर चढलेल्या होत्या. त्या गेल्या. भक्ती खरी होती म्हणून ती हानी भरून निघत नाही.

तेव्हा माझी कसोटी आता अशी आहे. दुरुस्ती करणाऱ्यानं आधीच्याचं काम पुढच्याला वाचता येईल असं ठेवलं का? तेराव्या शतकातल्या ब्रह्मदेशी लेखानं ते केलं. कनिंगहॅम यांनी 1892 च्या ग्रंथात चित्रं आणि आराखडे छापून ते बऱ्याच अंशी केलं. चार शिखरं नवी आहेत हे आज आपल्याला कळतं ते त्यांच्यामुळेच. आसनावर आसन बांधणाऱ्या त्या अनाम लोकांनीही जुनं पोटात ठेवून ते केलं. या कसोटीवर अजिंठ्याचा लाखेचा लेप नापास होतो, कारण त्यानं खालचं झाकलं आणि बिघडवलं. 1994 मध्ये जपानमधल्या नारा इथे जगभरचे तज्ज्ञ जमले आणि अस्सलपणा प्रत्येक संस्कृतीच्या आतून ठरवावा असं त्यांनी मान्य केलं. माझा तो जतनवाला मित्र त्या मसुद्याला सैल म्हणतो. मला तो सैल वाटत नाही, पण त्याचं ओझं दुरुस्ती करणाऱ्यावर येतं, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे.

आणखी एका बाबतीत माझं मत बदललं, आणि ते सांगणं मला सर्वांत गरजेचं वाटतं. महाविहाराचा ताबा कोणाकडे असावा हा वाद मी वास्तुकलेच्या बाहेरचा समजत होते. 1891 मध्ये अनागारिक धर्मपाल इथे आले आणि शैव महंतांच्या ताब्यातून हे स्थान बौद्धांना मिळावं म्हणून त्यांनी लढा उभारला. 1949 च्या कायद्यानं जी समिती केली तीत चार हिंदू, चार बौद्ध आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. 1992 पासून नागपूरच्या भदंत सुरई ससाई यांच्या पुढाकारानं महाराष्ट्रातले हजारो उपासक या प्रश्नावर बोधगयेला जात आले आहेत. माझी समजूत अशी होती, की हा राजकारणाचा प्रश्न. आपण विटांबद्दल बोलावं. पण विटांचा सगळा इतिहास जर दुरुस्त्यांचा असेल, तर दुरुस्ती कोणी ठरवायची हा वास्तूचाच प्रश्न आहे, आणि पहिला प्रश्न आहे. वेदिकेवर आपलं दान कोरून ठेवणारी कुरंगी, सिंहली भिक्षू, पगानचे राजे, मिंडॉनचे कारागीर, ही सगळी इथे पूजा करणारी माणसं होती. ज्यांच्या पूजेनं ही वास्तू टिकली त्यांच्याच वारसांच्या हाती तिची देखभाल असावी, असं मला आता स्पष्ट वाटतं. पुरातत्त्व खात्यानं त्यांच्या शेजारी उभं राहून प्रत्येक कामाची नोंद ठेवावी. माझ्यासारख्या लेणीवाल्यांची जागाही तिथेच, नोंदवहीपाशी आहे.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. महाविहाराच्या आवारात एका शतकाचं नाव लिहिण्याऐवजी दुरुस्त्यांची सगळी यादी लावावी, तेराव्या शतकातल्या त्या लेखासारखी, अशोकापासून. कुरंगीचं नाव असावं, क्यानसिथ्थाचं असावं, बेग्लर आणि कनिंगहॅम यांचं असावं, थायलंडच्या उपासकांचं असावं. ती मगही, हिंदी, ब्रह्मदेशी, सिंहली आणि थाई भाषेत असावी, आणि मराठीतही असावी, कारण आपल्याकडून तिथे फार मोठ्या संख्येनं लोक जातात. मिंडॉनच्या कारागिरांची नावं मिळणार नाहीत. ते 1870 च्या दशकात आले होते आणि त्यांचं काम मधेच थांबवलं गेलं, एवढं तरी लिहावं.